नाण्यांचे दागिने घरी करायचेत: भोक पाडू, तापवू की नुसतं कोंदणात बसवू?

अबोली_धरमपेठ
नमस्कार मंडळी. मी दोऱ्याचे आणि ऑक्सिडाइज्ड मण्यांचे दागिने करते. येत्या हिवाळ्यात मैत्रिणींसोबत एका प्रदर्शनात टेबल घ्यायचं ठरतंय. त्यासाठी जुन्या नाण्यांचे हार, झुमके आणि ओढणीला लावायचे लटकन करावेत असं मनात आहे. आजीच्या डब्यातली बरीच नाणी आईने माझ्या हवाली केली आहेत.

व्हिडिओ बघायला बसले आणि उत्साहाऐवजी भीतीच वाटली. कुणी नाणं बोटात धरून ड्रिल चालवतंय, कुणी स्वयंपाकाच्या गॅसवर नाणं लाल करतंय, कुणी उघड्या डोळ्यांनी ग्राइंडर फिरवतंय. माझ्याकडे छोटं हँड ड्रिल आहे, पकडी आहेत, कानस आहे. सोल्डरिंग मी कधीच केलेलं नाही. घरी सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे धुराचा प्रश्न माझ्यासाठी फार महत्त्वाचा. यातलं घरी काय करता येईल, काय कारागिरावर सोपवावं आणि काय करूच नये? शिवाय नाणं असं वापरणं कायद्यात बसतं का? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

रामदासपेठी
आधी नाणी कोणती आहेत ते लिहा. अ‍ॅल्युमिनियमच्या पाच पैशाचं उत्तर चांदीच्या रुपयाला लागू पडत नाही.

अबोली_धरमपेठ
डबा उघडून बसले आहे. पाच पैशांची चौकोनी, दहा पैशांची झालरवाली, वीस पैशांची षट्कोनी, ही सगळी एकदम हलकी. गेंड्याचं चित्र असलेले पंचवीस पैसे पुष्कळ. तांबूस ‘नया पैसा’ मूठभर. मधे भोक असलेले १९४३ आणि १९४४ चे पैसे. पन्नास पैसे बरेच. १९५० चा एक जाड रुपया. आणि राणी व्हिक्टोरियाचे, पंचम जॉर्जचे मिळून काही चांदीचे रुपये.

वऱ्हाडी_ठेचा
आजीचा डबा की रिझर्व्ह बँक! :-)

कानस_पकड
आमचं घर इतवारीतल्या सराफा ओळीतलं, कारागिरीचं. वडील आणि आजोबा दोघेही शेगडीसमोर बसून काम करणारे. म्हणून जरा मोठं लिहितो.

ताई, हत्यार हातात घेण्याआधी नाण्यांचे ढीग वेगळे करा. पुढची अर्धी काळजी तिथेच मिटते. हलकी पांढरी नाणी अ‍ॅल्युमिनियमची. ती मऊ असतात, भोक सहज पडतं, पण त्यांना आच दाखवायचीच नाही. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि वितळण्याआधी लाल होऊन इशाराही देत नाही. आत्ता नाणं होतं आणि आत्ता थेंब झाला, असं होतं. त्यावर साधी झाळ, म्हणजे सोल्डर, धरतही नाही.

गेंड्याचे पंचवीस पैसे १९८८ ते २००२ मधले, स्टेनलेस स्टीलचे. त्यात लोखंड आणि क्रोमियम असतं, निकेल जवळपास नसतं. त्याआधीचे, १९७२ पासूनचे पंचवीस पैसे तांबं-निकेलचे, म्हणजे पाऊण हिस्सा तांबं आणि पाव हिस्सा निकेल. १९५० चा तुमचा जाड रुपया शुद्ध निकेलचा. लोहचुंबक लावून बघा. निकेल चिकटतं, स्टीलही चिकटतं, तांबं-निकेल चिकटत नाही. म्हणजे चुंबकाबरोबर साल बघणं आलंच.

१९५७ ते १९६२ मधला नया पैसा काशाचा आणि भोकाचा पैसाही काशाचाच. हे दोन्ही दागिन्याला उत्तम. भोकाच्या पैशाला तर सरकारनेच भोक पाडून दिलंय, सुरुवात त्याच्यापासून करा.

राणीचे आणि पंचम जॉर्जचे रुपये ११.६६ ग्रॅमचे आणि त्यात जवळपास ९१.७ टक्के चांदी. १९४० पासूनच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. हा ढीग सध्या बाजूला ठेवा, त्यावर नंतर लिहितो.

सिव्हिल_लाइन्स_वकील
कायद्याचं मी सांगते. नाणे अधिनियम २०११ च्या कलम १२ नुसार नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दर्शनी किमतीपेक्षा वेगळ्या भावाने विकण्यासाठी गरजेपेक्षा फार जास्त नाणी बाळगणंही त्यात येतं. मात्र या कायद्यात ‘नाणं’ म्हणजे जे आज वैध चलन आहे ते. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली आहेत. त्यामुळे गेंडा, षट्कोनी वीस, पाच, दहा, नया पैसा यांची अडचण नाही. राणीचे आणि पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच मागे घेतले गेले.

पन्नास पैसे मात्र आजही वैध चलन आहेत. दुकानदार घेत नाहीत म्हणून ते बाद होत नाहीत. ते वेगळे काढा. एक, दोन, पाच, दहा रुपयांच्या नाण्यांना भोक पाडून विकणं टाळा. स्मारक नाणीही याच व्याख्येत येतात.

संत्री_आणि_मंत्री
वकीलताई, सात वर्षं जरा जास्तच वाटतात. पण आत बसून दागिने करायला वेळ भरपूर मिळेल. हलके घ्या.

गोकुळपेठ_मार्केट
हे सगळं कागदावर. रस्त्यावर रुपयाच्या नाण्याच्या अंगठ्या सर्रास विकतात, कुणी धरलेलं पाहिलं नाही.

सिव्हिल_लाइन्स_वकील
@गोकुळपेठ_मार्केट, धरलं नाही म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. ताई प्रदर्शनात नावानिशी टेबल लावणार आहेत. हाताशी बाद झालेली सुंदर नाणी ढीगभर असताना चालू नाण्याला हात कशाला लावायचा?

हिंगणा_एमआयडीसी
ताई, मी हिंगण्याले ड्रिल मशीनवरच असतो, म्हणून लिहून राहिलो. बोटात नाणं धरून भोक पाडाचं नाही. कधीच नाही. बिट आत जाते तवा काही होत नाही. ते खालून बाहेर निघते ना, त्या क्षणाले धातूत अडकते, अन् नाणं पंख्याच्या पात्यावानी फिरते. बोट फाटून जाते बाप्पा.

नाणं व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात पकडा, नाहीतर सागाच्या तुकड्यावर ठेवून दोन बाजूनं क्लॅम्प मारा. नाण्याले ओरखडे नको असतील तर मधात चामड्याचा तुकडा ठेवा. भोकाच्या जागी आधी सेंटर पंचनं खूण करा, नाहीतर बिट घसरते. काठापासून निदान भोकाएवढी जागा सोडा. पयले १ मिमीची बिट, मग २ मिमीची. अ‍ॅल्युमिनियम बिटेले चिकटते, म्हणून घडीघडी बिट बाहेर काढून साफ करा. गेंडा स्टीलचा आहे. तिथं ड्रिल हळू फिरवा, दाब बरोबर द्या अन् शिलाई मशीनचं तेल थेंबथेंब टाका. जोरात फिरवलं अन् दाब कमी दिला तर स्टील तिथंच कडक होते, मग बिट तुटते. तुटलेली बिट सरळ डोळ्याकडं येते. साधा चश्मा चालत नाही, बाजूनं बंद असलेला गॉगल घ्या. लोहा ओळीत मिळते, महाग नसते.

केस बांधा, ओढणी काढून ठेवा. बांगड्या पण.

नंदिनी_के
आणि हातात जाड मोजे घाला ना, कापणार नाही.

हिंगणा_एमआयडीसी
नाही ताई, ड्रिल चालू असतांनी मोजे अजिबात नाही. मोज्याचा धागा बिटेत गेला का हात ओढून नेते, सोडत नाही. आमच्याकडं फिरत्या मशीनवर मोजे घालून कोणी दिसला तर सुपरवायझर मशीनच बंद करते. मोजे भोक पाडून झाल्यावर, कड घासतांनी. तेव्हा घाला, कारण ताज्या भोकामागं धातूची जी कड, म्हणजे बर, उठते ती ब्लेडवानी असते.

नंदिनी_के
हे माहीत नव्हतं. धन्यवाद दादा.

कानस_पकड
हिंगणावाल्या भाऊंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. एक भर घालतो. बर काढायला मोठ्या मापाची बिट हातातच धरून भोकावर दोन-तीनदा फिरवायची, मशीन लागत नाही. मग बारीक कानस, मग पॉलिश पेपर. पेपर पाण्यात ओला करून घासलात तर धूळ उडत नाही. ही धूळ झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. दम्याचं माणूस घरात असेल तर हे अगदी पाळाच.

अ‍ॅल्युमिनियमला ड्रिलसुद्धा लागत नाही. हाताने फिरवायचा स्क्रूवाला होल-पंच मिळतो, भोक नीट पडतं आणि फिरणारं काहीच नसतं. माझ्या मते ताईंनी घरी एवढंच करावं.

आता झाळकामाबद्दल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्त मिळणारी ६०/४० सोल्डर तार दागिन्यांना लावू नका. त्यातला ४० टक्के भाग शिसं असतो. दागिना अंगावर राहतो, लहान मूल तो तोंडात घालतं. कथिल-चांदीची शिसंविरहित तार मिळते, ती घ्या. दुसरं कॅडमियम. आपल्याकडे ‘केडीएम’ हा शब्द घरोघरी दागिन्याच्या चांगुलपणासाठी वापरतात, पण ती झाळ कॅडमियमची. तापवली की त्याचा धूर निघतो आणि तो फुप्फुसं व मूत्रपिंडं खराब करतो. ती झाळ खरेदीदारापेक्षा कारागिराचा जास्त घात करते. जुन्या कारागिरांची छाती मी जवळून पाहिली आहे, त्यामुळे या बाबतीत मी मवाळ बोलू शकत नाही. चांदीच्या कामाला झाळ घेताना कॅडमियम नसलेली मागा आणि पुडीवर तसं लिहिलेलं असेल तरच घ्या.

त्वचा_आणि_मी
मी त्वचारोगांची डॉक्टर आहे, म्हणून निकेलबद्दल थोडं. कानातले, घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण यांमुळे येणारी खाज पुष्कळदा निकेलची असते. एकदा शरीराने निकेल ‘ओळखलं’ की ती अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते. घामातल्या क्षारांमुळे धातूतून निकेल जास्त सुटतं, आणि नागपूरचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको. डिसेंबरात कुरकुर न करणारा हार एप्रिलमध्ये गळ्यावर लाल पट्टा उमटवू शकतो.

म्हणून १९५० चा रुपया आणि तांबं-निकेलची जुनी नाणी त्वचेला थेट लागतील अशी लावू नका. ओढणीचे लटकन, पर्सची झालर, कमरपट्ट्याचा बाहेरचा भाग इथे चालतील. युरोपात त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये असा नियम आहे. टोचलेल्या छिद्रात जाणाऱ्या भागांसाठी ही मर्यादा ०.२ आहे, म्हणजे कान टोचलेली जागा किती नाजूक ते बघा. निकेल तपासायचं डायमिथिलग्लायॉक्झिमचं द्रावण मिळतं. कापसाच्या बोळ्यावर घेऊन नाण्यावर घासलं आणि बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटतंय.

तांब्या-काशाने त्वचा हिरवी होते ती मात्र साबणाने जाते, त्याने अपाय नाही. ग्राहकाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे घाबरणार नाही.

गोकुळपेठ_मार्केट
मागून पारदर्शक नेलपॉलिश लावलं की झालं ना डॉक्टर? सगळे तेच करतात.

त्वचा_आणि_मी
काही दिवस चालतं. घामाने आणि घासण्याने निघून जातं, आणि ते निघालंय हे घालणाऱ्याला कळत नाही. ज्याला आधीच अ‍ॅलर्जी आहे त्याला नेलपॉलिशच्या भरवशावर दागिना विकू नये.

अजून एक. कानात जाणारा आकडा चांदीचा किंवा टायटॅनियमचा वापरा. आणि चांदीचा अख्खा रुपया एकेका कानात लटकवू नका. साडेअकरा ग्रॅम रोज ओढत राहिलं तर कानाच्या पाळीचं भोक लांबतं. मग लोक शिवून घ्यायला आमच्याकडे येतात.

मेळघाट_ते_महाल
थोडं अवांतर. आपल्याकडच्या गोंड आणि बंजारा बायकांच्या गळ्यातली रुपयांची माळ कुणी नीट पाहिली आहे का? काही भागांत तिला हमेल म्हणतात. मी पाहिलेल्या बऱ्याच माळांत नाण्याला भोक नव्हतं, वरच्या काठाला छोटी कडी झाळलेली होती. रुपया अख्खा राहायचा आणि अडीनडीला मोडता यायचा. ती माळ म्हणजे गळ्यातली बचत होती. आमच्या पणजीच्या पुतळ्यांच्या माळेलाही कड्याच होत्या.

तळ्याकाठी_नाणी
@मेळघाट_ते_महाल, याच मुद्द्यासाठी लॉगिन केलं. मी संग्राहक आहे. भोक पाडलेल्या नाण्याची संग्रहाची किंमत गेलीच. नुसती चांदीची किंमत उरते. अबोलीताई, रुपयांची सालं वाचा. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया निघाला तर हात जोडून विनंती, त्याला काहीही करू नका, तो दुर्मीळ आहे. घासून चकचकीतही करू नका, जुनी झळाळी एकदा गेली की परत येत नाही. वेळ मिळाला तर अजब बंगल्यात जाऊन तिथली नाणी बघा. १८६३ पासूनचं संग्रहालय आपल्याच गावात आहे आणि आपण पोरांना वर्षातून एकदाही नेत नाही.

आणि हे रुपये खरे आहेत का ते आधी तोलून बघा. नकली राणी छाप बाजारात भरपूर. पुष्कळदा ते जर्मन सिल्व्हरचे असतात, त्यात चांदी नसतेच, तांबं, जस्त आणि निकेल असतं.

कानस_पकड
नकली रुपयाचा मुद्दा पैशापुरता नाही, जिवाचाही आहे. चांदी समजून जर्मन सिल्व्हरला मोठी आच दिली तर जस्ताचा पांढरा धूर उठतो. पितळेचंही तेच. काम करताना काही वाटत नाही, काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते, आणि एक-दोन दिवसांत उतरतो. माणूस म्हणतो हवा बदलली. ओळख न पटलेलं नाणं तापवायचं नाही, हा आमच्या घरातला नियम आहे.

चांदीच्या रुपयांना कडी झाळायची असेल तर ते काम घरी नको, सरळ सराफा ओळीत कारागिराकडे द्या. टाकणखार लावून तो पाच मिनिटांत करून देईल. त्याहून चांगलं म्हणजे चांदीच्या पट्टीचं कोंदण करून घ्या. नाण्याला आचही नाही, भोकही नाही.

अबोली_धरमपेठ
किती लिहिलंत सगळ्यांनी! वाचते आहे, वहीत उतरवते आहे. मधेच एक विचारू? नाणी फार काळवंडलेली आहेत. शेजारच्या काकूंनी नळी साफ करायची पावडर गरम पाण्यात टाकून त्यात बुडव म्हणून सांगितलं.

रसायन_व्हीएनआयटी
थांबा! ती पावडर बहुतेक कॉस्टिक सोडा. त्यात अ‍ॅल्युमिनियमची नाणी टाकली की पाणी खळखळ उसळतं आणि हायड्रोजन निघतो, जो पेट घेणारा वायू आहे. त्याबरोबर कॉस्टिकचे तुषार डोळ्यांत आणि छातीत जातात. अ‍ॅल्युमिनियमला साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

काशाच्या नाण्यांना चिंच किंवा लिंबूसत्त्वाचं पातळ पाणी, मग लगेच स्वच्छ पाणी आणि कोरडं फडकं. चांदी घासायचीच असेल तर रिठ्याचं पाणी, पण संग्राहक दादांनी वर लिहिलेलं आधी वाचा. तेजाब घरात आणू नका. जुन्या चांदीला काळा रंग चढवण्यासाठी लिव्हर ऑफ सल्फर वापरतात. त्याला आम्ल लागलं तर विषारी वायू सुटतो, म्हणून ते आणि लिंबूसत्त्व एका टेबलावर नको. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून डबीत चांदीसोबत बंद करून ठेवलात तरी काळा रंग चढतो, आणि हे घरी करायला काहीच हरकत नाही.

ज्या भांड्यात हे कराल ते पुन्हा स्वयंपाकात घ्यायचं नाही.

वऱ्हाडी_ठेचा
अंडं कुस्करायचं आणि खायचं नाही, हे आमच्या घरी जमणं कठीण.

पंचवटी_ताई
कुणी कूलरबद्दल लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. उन्हाळ्यात आपल्या घरांत कूलर बाहेरची हवा जोराने आत ढकलतो. सोल्डरिंग कूलर आणि उघड्या दाराच्या मधे बसून केलं तर धूर सगळा घरात, थेट सासूबाईंच्या खोलीकडे. कूलरकडे पाठ आणि बाहेर उघडणाऱ्या खिडकीकडे तोंड करून बसा, आतलं दार बंद. मी आता शिसंविरहित तारेचं कामसुद्धा फक्त गॅलरीत करते. धूर मुख्यतः तारेतल्या राळेचा असतो, पण दम्याला तोही पुरतो.

दुसरं, छोट्या टॉर्चचा ब्युटेनचा डबा उन्हाळ्यात गॅलरीत विसरू नका. डब्यावर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका असं छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतं, उन्हातला पत्रा किती तापत असेल!

हिंगणा_एमआयडीसी
पंचवटीताईचं बरोबर आहे. तो डबा माठाजवळ ठेवा, थंड राहीन. पण चुलीपासून दूर.

त्वचा_आणि_मी
@पंचवटी_ताई, अगदी बरोबर. अबोलीताई, सासूबाईंना एकदा जरी त्रास झाला तरी झाळकाम घरी पूर्ण बंद करा, प्रयोग करत बसू नका.

दूरदेशी_नागपूरकर
धागा उशिरा पाहिला. मी परदेशात असतो. अबोलीताई, राणीच्या रुपयाचं पेंडंट बायकोसाठी पोस्टाने पाठवाल का? पैसे आधी देतो.

सिव्हिल_लाइन्स_वकील
नाही पाठवता येणार. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं. ते खासगी व्यक्तीने देशाबाहेर पाठवायला बंदी आहे आणि विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. अबोलीताई, म्हणून राणीचे रुपये विक्रीच्या टेबलावर ठेवूच नका. घरच्यांसाठी करा. दूरदेशींना गेंडा पाठवा.

दूरदेशी_नागपूरकर
गेंडा चालेल. बायकोला विचारतो. :-)

अबोली_धरमपेठ
आज ढीग लावले. लोहचुंबकाने आणि सालाने वेगळे करताना आईपण येऊन बसली. अ‍ॅल्युमिनियमसाठी स्क्रूवाला पंच मागवला आहे, ड्रिल गेंड्यापुरतं, तेही व्हाइस आणि गॉगल आल्यावर. भोकाच्या पैशांचा पहिला हार दोऱ्यात ओवून झाला, त्याला एकही हत्यार लागलं नाही. चांदीच्या रुपयांत १९३९ नाही. त्यातला एक कोंदणात बसवून सासूबाईंना द्यायचं ठरलं आहे, बाकीचे डब्यात परत. झाळकाम घरी करणार नाही.

आता प्रदर्शनाच्या कार्डावर काय लिहू? ‘अँटिक कॉइन ज्वेलरी’ लिहा असं मैत्रीण म्हणते.

त्वचा_आणि_मी
धातूचं नाव लिहा. ‘अ‍ॅल्युमिनियम’, ‘स्टेनलेस स्टील’, ‘कासं’, आणि आकडा कशाचा तेही. निकेल असलेलं नाणं ओढणीच्या लटकनात असेल तर ‘त्वचेला लावू नये’ असं ठळक लिहा.

तळ्याकाठी_नाणी
आणि अँटिक लिहू नका. गेंडा १९८८ चा आहे, माझ्यापेक्षा लहान. नाण्याचं साल लिहा, लोक आपल्या जन्मसालाचं शोधत टेबलाशी थांबतील.

अबोली_धरमपेठ
जन्मसालाची कल्पना फारच आवडली! दूरदेशी, वहिनींचं साल व्यनित (खासगी निरोपात) कळवा, २००२ पर्यंतचं असेल तर डब्यात बघते. हिंगणावाले दादा, व्हाइस किती इंची घेऊ?

हिंगणा_एमआयडीसी
दोन इंची टेबल व्हाइस पुरते. जबड्याले चामडं लावून घ्या. अन् ते पन्नास पैसे उचलून बँकेत भरून या, टेबलावर राहिले तर एखांदं व्हाइसमध्ये जाईन.